डब्यावरचं इंग्रजी

३ मार्च १९४३
आज कारंज्याले रुजू झालो! मदनसिंग शेठच्या शेडात पलटणीचे खाकी कोट शिवते, अन् मी त्यांचा कारकून. चाळीस जण मशिनीवर असते, सारे दूरच्या तांड्यांवरचे, लेकराबाळांसकट शेडातच राह्यते. माल चोरीले जाऊ नये म्हणून बाहेरून कुलूप. कात्री कोणी वापरत नाही, दोरा दातानंच तोडते. काय स्पीड आहे! अमरावतीच्या शाळेत फॅक्टरीवर निबंध लिहिला होता, तो आता फिकाच वाटते.

७ मार्च
उधई-वाळवी लागू नये म्हणून कापडाच्या ठाणांवर अन् दोऱ्याच्या रिळांवर पांढरी पावडर भुरभुरते. हेमला नावाच्या कारागिरानं मले ओठ दाखवले, फोडच फोड. भाकर गिळत नाही म्हणे. पावडरच्या डब्यावर इंग्रजी होतं. इथं ते मलेच येते, म्हणून सारे मले मास्तर म्हणते; ऐटीत वाचलं. सोमल. विष. तोंडाले लावू नका.
शेठले सांगितलं. ते हसले. होळीच्या आत माल गेला पाहिजे म्हणाले, मले पान देलं.
"मास्तर, त्याइले सांग, इलायती दवा हाय. तुह्यावर इस्वास हाय त्याइचा."

८ मार्च
सांगितलं. दवा आहे, अंगातली गरमी बाहेर पडून राह्यली म्हटलं. सारे खुश. हेमलाची बायको नानीबाई तं पाया पडली. शेठनं मले हेडक्लार्क केलं.

१२ मार्च
दोघं मशिनीवरच ओकले. एकाच्या तळहाताची सालपटं निघून राह्यली. शेठनं त्याइले कोपऱ्यात सरकवलं, मशिनीवर दुसरे बसवले. उद्या सगळ्याइले खरं सांगतो. उद्या नक्की.

१४ मार्च
सांगितलं. विष आहे, दवा म्हणून नेलेले डबे आणून द्या म्हटलं. कोणी मानत नाही. दवा संपत आली म्हून लपवता का, म्हणते. शेठनं ऐकलं. आता मीही आतच. कुलूप—

१५ मार्च, सकाळ
नानीबाईची पोरगी. दोन वर्षांची. कपड्याच्या धुळीनं खोकत होती. आठ दिवस माय चिमूट चिमूट चारत होती तिले— दवा म्हणून— अन् काल मी डबे मागितले, तं हिसकून नेतील म्हणून उरलेलं सारं एकदमच—

दुपार
नानीबाई पोरीले मांडीवर घेऊन माह्यापुढे बसली आहे. खोकला थांबला म्हणते. मी हात लावून पाह्यलं. थंड.
डबा पुढे केला तिनं.
"मास्तर, सकाळपासून उठूनच नाही राह्यली. उठवाले किती चारू, तेवढं वाचून सांगा."
सारे मशिनी थांबवून पाहून राह्यले.
वाचतो आहे— नानीबाई, यात लिहिलं—