ओपीबाईंच्या घराचा रंग

वॉरोबी, ४ मार्च १९८४

ती. बाबांस,

सा. न. हात रंगाने माखलेत, तेव्हा नमस्कार लांबूनच घ्या.

आईने बसवाल्याबरोबर पाठवलेल्या खिमा-बटाट्याच्या पेस्टी पोचल्या आणि दोन दिवसांत संपल्यासुद्धा. तिला सांगा, कांदा अजून चालेल.

इथे उत्तरेचा वारा सुटलाय. सकाळी फळ्यांना हात द्यावा आणि दुपारी बघावं, तर अर्धं माळरान त्यांना चिकटलेलं. माश्यांचं तर विचारूच नका, ओला रंग दिसला की त्यांना कोण आनंद! मग पुन्हा घासा, पुन्हा मारा. परवा एका गृहस्थांनी शिडीखाली उभं राहून विचारलं, की मुख्य रंगारी कधी येणार? मी म्हटलं, तो आत्ता शिडीवर आहे आणि कामात कुणी बोललेलं त्याला खपत नाही. बिचारे टोपी सावरत निघून गेले.

लाइलदादाचं परत पत्र आलंय. ॲडलेडला त्याच्याकडे आता बारा रंगारी आहेत आणि आजारपणाची भरपगारी रजा आहे. इथे माझी पाठ धरली तर रजा मीच मागायची आणि मीच नाकारायची! पण ठरलंय ते ठरलंय. ईस्टरपर्यंत गावच्या सभागृहाचं काम मिळालं तर मी इथेच राहणार, नाही मिळालं तर मुकाट्याने दादाच्या हाताखाली जाणार. तसं जावं लागलं तर मला फार लागेल, बाबा. गाडीच्या दारावर स्वतःचं नाव घालून अकराच महिने झालेत.

सगळं ओपीबाईंच्या हातात आहे. त्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. त्यांनी हो म्हटलं की सभागृहाच्या समितीतले बाकीचे सहा जण माना डोलावतात. सध्या त्या मोतीबिंदू काढायला ॲडलेडला गेल्यात. तोवर मी नॅनकिव्हेलांचं घर घेतलंय. नवरा-बायको समुद्रावर गेलीत, सगळं फोनवरच ठरलं. धान्याच्या कोठारापुढचं दोन टाक्यांचं घर, किल्ली मागच्या दारी जिरेनियमच्या कुंडीखाली. भिंती साईच्या रंगाच्या, खिडक्या हिरव्या.

लोभ आहे हे मला ठाऊक आहे, तरी पत्रातून दिसू द्या.

तुमची,
ग्लेनिस


पोर्ट पिरी, ८ मार्च

चि. ग्लेनिसला अनेक आशीर्वाद आणि एक दम.

फोनवर भाव सांगितलास? घर डोळ्यांनी न बघता? पस्तीस वर्षं मी हा धंदा केला, पण भिंतीला हात लावल्याशिवाय तोंडातून आकडा काढला नाही. वरून चांगली दिसणारी फळी आतून कुजलेली निघाली की कळेल.

आणि मी तुझ्या बाजूने आहे असं समजू नकोस. लाइल बरोबर बोलतोय. एकट्याने धंदा करायचा म्हणजे रंगारी आपण, कारकून आपण आणि पाऊस पडला की शिव्या खायलाही आपणच. माझे गुडघे बघ. ते काही नाचून गेलेले नाहीत. तुझी आई म्हणते की मी तुझा उत्साह मारतोय. मारत नाहीये, खरं सांगतोय.

कांदा वाढवते म्हणाली. जपून राहा, आणि पत्र लिहायला आळस करू नकोस.

तुझा,
बाबा


वॉरोबी, १४ मार्च

ती. बाबांस,

सा. न. बसून वाचा.

मी चुकीचं घर रंगवलं.

हसू नका! आज सकाळी दुकानात पाव घेताना मागून नॅनकिव्हेल आले, उन्हाने लाल झालेले, आणि गोड आवाजात विचारू लागले की आमच्या घराला सुरुवात कधी? मला वाटलं, गंमत करतायत. मग त्यांनी मला त्यांच्या घरी नेलं. कोठारापुढे दोन घरं आहेत, दोघा भावांनी एकाच नकाशावर बांधलेली. दोन्हीकडे दोन-दोन टाक्या, आणि दोन्हीकडे किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली. या गावात दुसरीकडे कुठे ठेवतात म्हणा! मी पहिल्यात शिरले. नऊ दिवस घासलं, अस्तर दिलं, वर दोन हात मारले. जाणारा-येणारा प्रत्येक जण हात हलवून गेला. त्यांना वाटलं, मालकिणीनेच सांगितलं असणार.

आणि मालकीण कोण? ओपीबाई! त्या पुढच्या बुधवारच्या बसने परत येतायत. ज्या बाईने होकार द्यायचा, तिचंच घर मी न विचारता रंगवून टाकलंय. ज्या रंगारणीला घर ओळखता येत नाही, तिला सभागृह कोण देईल? दादाला एवढ्यात सांगू नका, तुम्हाला माझी शपथ.

तुमची मूर्ख,
ग्लेनिस


पोर्ट पिरी, १७ मार्च

चि. ग्लेनिसला आशीर्वाद.

आधी पोट दुखेपर्यंत हसलो. आईने डोळे वटारले, मग तीही हसली. आता नीट ऐक.

कामावर जो घोळ घालतो त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, ही आपली रीत तुला माहीत आहे. पण बिअरचं फारसं महत्त्व नाही. आपला घोळ आपल्याच तोंडाने सांगायचा, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत, हे महत्त्वाचं. पत्र मिळेल त्याच संध्याकाळी पबमध्ये जा, सगळ्यांना एकेक पाज आणि मीठमसाला न लावता सांग. बाई उतरतील त्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहा. पैसे मागायचे नाहीत आणि रडायचंही नाही.

काम कसं झालंय, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

तुझा,
बाबा


वॉरोबी, ५ एप्रिल

ती. बाबांस,

सा. न. आज तोंडभरून.

पबमध्ये सांगितलं. हसून हसून दहा मिनिटं कुणाला श्वास घेता येईना. आता मी रस्त्याने निघाले की लोक आपापल्या घरापुढे उभे राहून ओरडतात, की बाई, हे आमचं घर आहे हो! नॅनकिव्हेलांनी तर दारावर पाटीच टांगली, ‘हेच ते’. त्यांचं काम मी आज संपवलं.

पण खरी गंमत ओपीबाईंची. बुधवारी मी पोचले तेव्हा त्या ओसरीवर बसल्या होत्या. मला बसवून त्या डॉक्टरांचं कौतुक सांगायला लागल्या. काय हात आहे म्हणे त्या माणसाचा! इतकी वर्षं घर मळकं दिसत होतं, ते आता कसं लख्ख दिसतंय! आभाराचं पत्रही लिहून तयार होतं. क्षणभर मनात आलं, की गप्प बसावं आणि श्रेय डॉक्टरांना जाऊ द्यावं. पण बोलले. सगळं सांगितलं.

बाई उठल्या. आतून स्टूल आणलं, त्यावर चढल्या (मी जीव मुठीत धरून उभी!) आणि दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे कुणी बघत नाही ती कड. तुमच्याकडे शिकलेल्या माणसाच्या हातून ती सुटते होय? मग दुसरं दार, मग खिडक्यांच्या पट्ट्यांच्या खालच्या बाजू. सगळीकडे दोन हात. खाली उतरल्या आणि चहाचं आधण ठेवलं. हिरवा मात्र त्यांना अजिबात आवडलेला नाही. डोळे बरे झाल्याचा तेवढाच तोटा, म्हणाल्या.

काल समितीची बैठक झाली. सभागृह मला मिळालं, बाबा! मला! मी गाडीत बसून मनसोक्त रडले. अट एकच. पहिल्या दिवशी बाई स्वतः मला हाताला धरून सभागृहाच्या दारात उभी करणार, नाहीतर मी चर्च रंगवून ठेवायची.

ईस्टरनंतरच्या सोमवारी सुट्टी, म्हणून मंगळवारी सुरू करते. एकटीला सात आठवडे सहज लागतील. दादाला आता खुशाल सांगा.

लोभाची आता तक्रार नाही.

तुमची,
ग्लेनिस


पोर्ट पिरी, ९ एप्रिल

चि. ग्लेनिसला अनेक, अनेक आशीर्वाद.

लाइलला सांगितलं. तो म्हणाला की त्याच्या बारा जणांपैकी एकही जण दाराची वरची कड रंगवत नाही. म्हटलं, तो तुझा प्रश्न.

मी तुझ्या बाजूने नव्हतो. ते माझं चुकलं. ते आता लेखी देतो, जपून ठेव, परत मिळणार नाही.

आता कामाचं बोलतो. माझे गुडघे शिडी चढायचे नाहीत, पण खालच्या फळ्या, दारं आणि खिडक्या मी बसून करू शकतो. हात अजून सरळ चालतो. पस्तीस वर्षांत मी कुणाच्या हाताखाली एक दिवस काम केलं नाही. तुझ्या हाताखाली करीन. आई म्हणते, याला घेऊन जा एकदाचं, घरात नुसता कुरकुरत बसतो. जागा असेल तर कळव. मी शनिवारच्या बसने येतो.

तुझा बाप, आणि मंगळवारपासून तुझा गडी,
क्लेम ट्रेगेन्झा