राहीबाईचा गांधार

नेवासा,
ता. ८ नोव्हेंबर १९७१

श्री. रंभाजी दाजी यांस,
सहादूचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली हे पत्र पुरतं वाचून झाल्यावर ठरेल, म्हणून आत्ताच विचारत नाही. भाऊबीजेला अक्का सुखरूप पोचली. नगरपासून इथवर तुमची पेटी मांडीवर घेऊन बसली, त्यामुळे दोन दिवस तिचे पाय दुखत होते. ज्वारी बरी आहे. प्रवरेला पाणी आहे. बाबांची तब्येतही ठीक, पण कानांनी आता खरोखरच कमी ऐकू येतं. या 'खरोखरच' शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

अक्कासोबत दिलेलं तुमचं पत्र मिळालं. अक्षर शेजारच्या शिंप्याचं दिसलं. म्हणजे मोतीबिंदू वाढला असणार. तेव्हा माझं हे पत्रही तुम्हाला कुणीतरी वाचूनच दाखवील, हे धरून मोठ्या अक्षरात लिहीत आहे.

जर्मन सुरांच्या भावाबद्दल तुम्ही पानभर लिहिलंत. पेटीचा जीव सुरांत, म्हणजे आतल्या पितळेच्या जिभांत असतो, बाहेरचा माल येणं बंद झालं, आणि पालिताण्याचे देशी सूर कितीही घासले तरी तसे बोलत नाहीत, हे सगळं खरं. कॅम्पातल्या कुणा साहेबाच्या मोडक्या गिटारीच्या नुसत्या जुन्या अमेरिकन खुंट्या मुंबईच्या माणसाने नव्या गिटारीच्या किमतीला नेल्या, हेही वाचलं. कलियुगच म्हणायचं. आणि संगमनेरचे आबासाहेब येत्या रविवारी येऊन तुमच्या पेटीला दोन दुभत्या म्हशींचे पैसे देणार, तेही लाकडाचे नव्हेत, आतल्या सदतीस अस्सल सुरांचे. शेवटी तुम्ही लिहिलंत, "फक्त गांधार जरा उतरा बोलतो. तेवढा चढवून दे. तुझा हात हलका आहे."

हात हलका आहे खरा. तुमच्याच दुकानात तीन वर्षं बसून तो हलका केला.

पेटी उघडली. सुरांची पट्टी बाहेर काढली. गांधाराच्या सुरावर, पितळेवर सुईने कोरलेलं एक अक्षर दिसलं. 'रा'.

मी कानस खाली ठेवली, पेटी झाकली आणि नदीवर जाऊन आलो. हातात कानस असताना रागवायचं नाही, हेही तुमचंच शिकवणं.

हे अक्षर तेव्हा तुमच्या नजरेतून सुटलं असणार, आणि त्यामागची गोष्ट आठवत नसेल म्हणून सांगतो. आई भजनात मागे बसून गायची. तिचा गांधार केसभर खाली लागायचा. बाकीचे पेटीवाले बाबांना म्हणायचे, बाईला सुरात गायला सांगा. बाबांनी उलट केलं. सूर बुडाशी घासून पेटीचाच गांधार तिच्या गळ्याइतका उतरवला आणि त्यावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. राहीबाईचं 'रा'. त्यानंतर वर्षभरात आई गेली. तो सूर मात्र राहिला.

मग अठ्ठावन्न साली धोंड्याचा महिना आला. नव्या जावयाला वाण म्हणून तेहतीस अनारसे, धोतरजोडी आणि चांदीचा दिवा दिला. जेवणं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मामा, भात्याला भोक पडलंय. नगरला नेतो, दुरुस्त करून देतो." बाबांनी पेटी स्वतः टांग्यात ठेवली. वाण पुरलं नव्हतं तुम्हाला, एवढंच आमच्या लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांनी पेटी घेऊन आलात, तेव्हा भजनी मंडळ जमलेलं होतं. अक्का सातव्या महिन्यात, बाळंतपणाला आलेली, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तेरा वर्षांचा. बाबांनी गांधार दाबला आणि थांबले. पुन्हा दाबला. म्हणाले, "ह्यो आमचा सूर न्हाई."

तुम्ही हसलात. "मामा, सूर तेच हायेत. कान थकलं तुमचं."

बाबांनी तुमच्याकडे पाहिलंच नाही. दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आसंल बाबा. कानच गेलं आसतील माजं." सगळं मंडळ हळहळलं. जिल्ह्यात ज्याच्या कानाची शपथ घेत, त्या गहिनीनाथाचे कान गेले म्हणून. तुम्ही त्या रात्री जावयाच्या पाटावर बसून दोनदा खीर मागून घेतलीत.

आता माझं. हे लिहायचं टाळत इथवर आलो.

पुढे चार-पाच वर्षं बाबा वाजवत राहिले, पण गांधार आला की पट्टी सोडून पुढे जायचे. लोक म्हणायचे, म्हातारा चुकतो. काल्याच्या कीर्तनात पोरीबाळी हसल्या. मी सतरा वर्षांचा होतो, मला लाज वाटली. सगळ्यांच्या देखत मी त्यांच्यापुढची पेटी ओढून घेतली आणि म्हणालो, "बाबा, उठा. तुमाला ऐकू येत न्हाई." ते उठले आणि ऐकणाऱ्यांत मागे जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी पेटीला हात लावला नाही. आणि मी पेटीचं काम शिकायला तुमच्या दुकानात आलो, गुरू म्हणून तुमच्यापुढे नारळ ठेवला.

ते चुकत नव्हते, दाजी. खोटा सूर दाबायचा नाही म्हणून सोडून जात होते. हे मला परवा कळलं, त्या कीर्तनानंतर नऊ वर्षं उशिरा. तुम्ही त्यांचे सूर नेलेत, पण पेटी मीच नेली. याची क्षमा मला नको आहे. तुम्हीही मागू नका, मिळणार नाही.

तुमच्या पेटीतले सदतीस सूर काढून आमच्या जुन्या पेटीत परत बसवले आणि ती बाबांपुढे ठेवली. ऐकू कमी येतं, म्हणून त्यांनी झाकणावर गाल टेकला आणि गांधार दाबला. भाता रिकामा होईपर्यंत बोट उचललं नाही. मग म्हणाले, "राही हाय ही."

मी ओरडून विचारलं, मग तेव्हा का बोलला नाहीत? ते म्हणाले, "भागा, तुजी अक्का, त्यांच्या घरात नांदत हुती. पोटुशी हुती. जावयाला चोर म्हनून पोरगी कुठं ठिवायची?" आणि पुढे, "जाऊ दे आता. जावई हाय."

अक्काला हे तेरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. ती रडली नाही. चुलीपुढून उठली आणि म्हणाली, "पेटी धाड त्यांची. मी जायाची न्हाई." बाबांनी जाऊ दिलं असेल. आम्ही दोघं जाऊ देणार नाही.

तर तुमचं काम असं केलं आहे. आमच्या जुन्या पेटीत तुम्ही घातलेले पालिताण्याचे सूर होते, तेच पुसून, घासून तुमच्या पेटीत बसवले. एकही सूर कमी नाही. गांधारही चढवला आहे, तक्रारीला जागा नाही. पेटी रविवारी सकाळच्या एसटीने कंडक्टरच्या हाती येईल, आबासाहेब तुमच्या गादीवर बसलेले असताना. तुम्ही घाईने दोन पट्ट्या दाबाल. काहीतरी वेगळं लागेल. तेव्हा क्षणभर तरी मनात येईल, माझेच कान थकले की काय. तो क्षण मी तुम्हाला मुद्दाम दिला आहे. बाबांना लोकांकडून हे तेरा वर्षं ऐकावं लागलं.

आबासाहेबांना मात्र पट्टी दाबून समाधान होणार नाही. अस्सल मालाला एवढे पैसे देणारा माणूस आत पाहिल्याशिवाय पिशवी सोडत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. म्हणून हे पत्र टपालाने धाडलेलं नाही. पेटीच्या आत, सुरांच्या पट्टीला दोऱ्याने बांधलं आहे. गाठ अक्काने मारली आहे. तुम्हाला दिसत नसल्यामुळे ते तुम्हाला आबासाहेबच वाचून दाखवत असतील.

आबासाहेब, तुम्हाला आमचा नमस्कार. तुमचा आवाज चांगला खणखणीत आहे असं ऐकून आहे. दुकानात आणखी कुणी असेल तर सावकाश वाचा. जर्मन सूर इथे आहेत, पण विकायचे नाहीत.

दाजी, भाव तुम्ही सांगितलात, आता माझा ऐका. मार्गशीर्षातल्या पहिल्या एकादशीला आमच्याकडे भजन आहे. यायचं, मंडळापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, "मामा, कान तुमचे शाबूत होते. सूर मी चोरले." मोठ्याने म्हणायचं, कारण बाबांना आता खरोखरच कमी ऐकू येतं. एकदा म्हणून ऐकू गेलं नाही, तर ऐकू जाईपर्यंत म्हणायचं. यात घासाघीस होणार नाही.

जेवायला थांबा. जावयाचा पाट मांडून ठेवतो.

ज्याचे कान कधीच गेले नव्हते,
त्या गहिनीनाथाचा मुलगा
सहादू