ह्यांचं पान

राजारामदादा,

गणपतीला ये, पण एकटीच ये, नवऱ्याचं पान आमच्या पंगतीत मांडता येणार नाही, असं तू लिहिलंस. वाचून माझं डोकंच फिरलं.

आमचे हे बार्बाडोसचे. तेही आपल्या कोकणासारखंच, नारळाचं नि मासळीचं बेट. बोटीवरून उतरले, रे रोडला फिटर झाले, माझ्याशी लग्न करून लालबागला राहिले. पण चाळीत त्यांच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नव्हतं.

गेल्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पोलिसांनी आम्हा बायकांना धरलं नि दिवसभर बसवून ठेवलं. पुरुष गिरणीत, पोरं उपाशी. हे रात्रपाळी करून घरी होते. ह्यांनी सुके बोंबील काढले, खोबरं वाटून घातलं नि चाळीतल्या सगळ्या पोरांना भात वाढला. नेमका श्रावणी सोमवार! ह्यांना काय ठाऊक?

आम्ही सुटून आलो, तर पोरं बोटं चाटतायत. शेजारची कमळाबाई कडाडली, "अहो सायमनभावोजी, पोरांचा सोमवार बुडवलात की!" मग टोपात डोकावली नि हळूच म्हणाली, "थोडं झाकून ठेवा. आज माझा उपास आहे."

दुसऱ्या दिवशी ताटली घेऊन हजर!

परवा आम्ही दोघं बोटीने निघतोय. हे पत्र टपालात टाकत नाही, येऊन तुझ्या हातातच देईन, नाहीतर तू नको म्हणून तार करशील. ह्यांचं पान पडवीत मांडलंस, तर माझंही तिथंच मांड. तुझी पोरं कुठे बसतात, ते मग बघूच.

तुझी भांडकुदळ बहीण,
शेवंती