येसुराची बरणी

इंदुरी
१२ ऑगस्ट २०२४

चि. गेणू यास,
राजेश्वरीचे अनेक आशीर्वाद. मी काल सुखरूप पोचले. एस.टी.त बसायला जागा मिळाली. फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तुझं बोलणं अर्धंच कळतं. जे असेल ते लिही.

तुझ्याकडे चार दिवस राहिले, पण समोर बोलले नाही. शेजारच्या बायडाबाई सारख्या येऊन बसत होत्या, त्यांच्यादेखत नको वाटलं. आता लिहिते. तुझ्या स्वयंपाकघरात आलं-लसणाची पेस्ट बाटलीत. पिठलं पाकिटात. मटार बर्फात, टोमॅटो डब्यात आणि पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत. धुतलेली, चिरलेली मेथी विकत आणणारा माणूस मी आपल्या घराण्यात पहिल्यांदा पाहिला. मेथी निवडायला तुला वेळ नाही? रेल्वेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. कुसगावात बसून कुठली गाडी सोडायची असते तुला?

आणि या सगळ्या कचऱ्यामागे वरच्या फळीवर तुझ्या हिराने केलेल्या येसुराची बरणी. कापडाने तोंड बांधलेली, गळ्यापर्यंत भरलेली. मी उचलून पाहिली. अरे, बाजरी, डाळ, धणे, मिरच्या सगळं भाजून दळून ठेवलेलं. फोडणीच्या पाण्यात दोन चमचे टाकले की आमटी तयार. घरात ते असताना तू पाकीट फोडतोस.

आई चैत्रात येसूर भाजायची ते आठवतं का? शेजारच्या आळीत ठसका जायचा. आपण दोघं ओट्यावर खोकत बसायचो आणि आत यायला मनाई. कॉलेजला होते तेव्हा पुण्याच्या खोलीवर तिने पत्र्याचा डबा भरून दिला होता. वाचून डोळे मिटायला लागले की मी स्टोव्हवर आमटी करायची. झाकण उघडलं की आपलं घर खोलीत यायचं.

नोव्हेंबरात हिराचं वर्षश्राद्ध. त्यासाठी येईन तेव्हा तुझ्या चुलीचं रूप पालटलेलं दिसलं पाहिजे. नाहीतर घराला कुलूप लावून इंदुरीला राहायला यायचं. मागची खोली मी रिकामी केली आहे. तुला पाहणारं दुसरं कोणी नाही, हे विसरू नकोस.

कळावे. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.
राजेश्वरी


कुसगाव
२५ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,
गेणूचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. बायडाबाईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं पडलं, की तुमची अक्का मास्तरीण व्हती का फौजदारीण, ते आदी सांगा.

अक्का, मी उपाशी नाही. संध्याकाळी दिवा लावतो, कढई ठेवतो, तेलात जिरं टाकतो. बाटलीतली पेस्ट तडतडली की घरात वास येतो. हिरा होती तेव्हा मला पाणी तापवायचंसुद्धा माहीत नव्हतं, हे तूच दहादा बोलली आहेस. आता पिठलं होतं, मटार-बटाटा होतो. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घालतो, म्हणून बिघडत नाही. लसूण सोलायला घेतला की नखं दुखतात आणि सोलून होईपर्यंत भूक मरते. लोणावळ्याच्या बाजारात धुतलेली मेथी मिळते ती मुंबईच्या पाहुण्यांसाठी. मीही आता पाहुण्यासारखाच झालोय, असं समज.

आणि तू बोलतेस तर मीही बोलतो. येसूर म्हणजे तरी काय होतं? आई रानातून तिन्हीसांजेला यायची, पाच तोंडं भुकेली. दोन चमचे टाकले, आमटी झाली. ते आईचं पाकीटच होतं, फक्त छापलेलं नव्हतं. तू बी. ए. झालीस ती त्याच पाकिटावर.

बरणीचं म्हणशील तर हितं पाऊस लय आहे. भिंतींना ओल धरली आहे. बरणी उघडली की हवा लागून येसूर खराब होईल. पाऊस उतरू दे, मग बघू.

इंदुरीचं नको म्हणतो. हे घर मी आणि हिराने एकेक खोली करत बांधलं. सकाळी मला गाड्यांचा आवाज लागतो.

संदीपला मामाचे आशीर्वाद. लोभ आहे तितका राहू दे, राग थोडा कमी कर.
तुझा गेणू


इंदुरी
८ सप्टेंबर २०२४

चि. गेणू यास,
आशीर्वाद. वाद घालायला तू लहानपणापासून हुशार, गणितात मात्र काठावर पास. आईचा येसूर आणि तुझं पाकीट एक नव्हे. येसूर कोणी भाजला, कोणाचे डोळे झोंबले, हे खाणाऱ्याला ठाऊक असायचं. तुझं पिठलं कोणी केलं, सांग बरं.

ओलीचं कारण मला पटलं नाही. तोंड कापडाने बांधलं आहे, फडताळ कोरडं आहे. मी हात लावून पाहिलंय.

श्राद्धाला आचारी बोलवायचा नाही. स्वयंपाक मी करीन. हिराच्या पानावर विकतचं काही वाढलेलं मला चालायचं नाही. तू तांदूळ, गूळ आणि भाजी आणून ठेव. बाकी माझ्यावर सोड.

आशीर्वाद.
राजेश्वरी


इंदुरी
२० नोव्हेंबर २०२४

चि. गेणू यास,
आशीर्वाद. कार्य नीट पार पडलं. देवाने लाज राखली.

तू भटजींबरोबर नदीवर गेलास आणि मी कामाला लागले. पहिल्यांदा ती पाकिटं आणि बाटल्या गोळा करून बाहेर काढल्या. मग बरणी सोडली. वास जसाच्या तसा. हिराचा हातच तसा होता, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलले नाही, आता लिहिते. चाळीस पानं होती, आमटी दाट हवी, म्हणून सगळा येसूर घातला. बरणी धुऊन उन्हात पालथी घातली होती, ती आत घेतलीस ना? बायडाबाई तीनदा आमटी मागून गेल्या. त्यांनी मला सांगितलं, की हिराक्का सोता वाढून गेली म्हनायची. तिच्या वर्षाला तिच्याच हातचं सगळ्यांच्या पानात पडलं, याहून काय हवं?

तू मात्र वाटीभर आमटी घेतलीस आणि उठलास. मला निरोप द्यायला फाट्यापर्यंतही आला नाहीस. दमला असशील.

आता ठरवून टाकू. मार्गशीर्ष संपला की संदीप टेम्पो घेऊन येईल. कपाट, पलंग आणि हिराचा फोटो एवढंच आण.

पत्राची वाट पाहते. आशीर्वाद.
राजेश्वरी


इंदुरी
९ डिसेंबर २०२४

चि. गेणू यास,
आशीर्वाद. तुझं पत्र नाही. संदीपने फोन केला, तर बरा आहे एवढं बोलून तू ठेवलास. बरा आहेस तर लिहीत का नाहीस? माझं काही चुकलं असेल तर तसं स्पष्ट सांग. कोडी घालू नकोस.

राजेश्वरी


कुसगाव
१७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. दोन्ही पत्रं मिळाली. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

तो येसूर हिराने शेवटच्या चैत्रात केला. तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. शेगडीजवळ खुर्ची ठेवून बसली आणि मला भाजायला लावलं. बाजरी कुठवर भाजायची, ते डोळ्यांनी सांगायची. मी म्हटलं, विकत आणू. त्यावर म्हणाली, की मी नसले तर तुम्ही पाणी उकळून त्यात दोन चमचे टाका आणि जेवा, माझी काळजी मिटेल. बरणीचं तोंड तिने बांधलं. ती गाठ तिची होती.

ती गेल्यावर मी बरणी दोनदा उतरवली. गाठीला हात लावला आणि परत ठेवली. उघडली की संपणार, हे मला कळत होतं. म्हणून पाकिटं आणायला लागलो. रोज काहीतरी खायचं तर होतंच. तुला ओलीचं कारण लिहिलं, ते खोटं होतं.

नदीवरून आलो तेव्हा अंगणात बरणी पालथी होती. लोक पानावर बसले होते. मीही बसलो. वाटी तोंडाला लावली. अक्का, चव बरोबर तिचीच होती. तू काही बिघडवलं असतंस, तर मला तुझ्यावर नीट रागावता आलं असतं.

गाठ कुठे टाकलीस ते विचारत नाही. ते कापड गेलं असणार.

एकच मागतो. टेम्पो पाठवू नकोस. बरणी गेली. आता घर तरी राहू दे.
गेणू


इंदुरी
२२ डिसेंबर २०२४

चि. गेणू यास,
आशीर्वाद. तुझं पत्र संदीपला वाचायला दिलं नाही.

कापड मी चुलीत घातलं. तेलकट होतं, जुनं होतं. मला वाटलं, मी घर स्वच्छ करते आहे. तू सांगितलं नाहीस आणि मीही कधी साधं विचारलं नाही, की भरलेली बरणी का उघडत नाहीस. मी फक्त फर्मान काढत गेले. गेलेलं परत आणता येत नाही आणि गोड बोलून ते भरूनही निघत नाही, म्हणून तसलं काही लिहीत नाही.

टेम्पो नको म्हणून संदीपला सांगितलं आहे. मागच्या खोलीत संदीपने बियाण्याचे कांदे पसरले.

आईच्या येसुराचं माप मला पाठ आहे. पण ते तुला पाठवत नाही. हिराचं माप आईचं नव्हतं. तिने भाजायला तुला बसवलं होतं, मला नाही.

थंडी पडली आहे. कानटोपी घालत जा.
राजेश्वरी


कुसगाव
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून पुष्कळ दिवस काही केलं नाही. मग बाजरी आणली.

पहिल्या खेपेला करपली. ठसका इतका गेला, की बायडाबाई पदर नाकाला लावून दारात आली. बोलली, की भाऊ, घर पेटावलं का काय, आन पेटावलं तर आमाला आदी सांगा, कोंबड्या बाहीर काडतो. दुसऱ्या खेपेला डोळे मिटून वासावर गेलो. हिरा डोळ्यांनी खुणवायची ती वेळ कुठली असेल, तेवढाच अंदाज. दळायला मात्र कांडपावर दिला, जात्यावर नाही. तेवढं तू सोसून घे.

चव तिची नाही. कितीही केलं तरी ती येणार नाही, हे मला पहिल्याच घासाला कळलं. तरी ताट पुसून जेवलो. ही बरणी रोज उघडतो.

दुधाच्या गाडीवाल्या गोरखबरोबर तुला डबा पाठवतोय. खरं काय ते लिही, मास्तरिणीसारखं.
तुझा गेणू


इंदुरी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. गेणू यास,
अनेक आशीर्वाद. डबा मिळाला. लगेच आमटी केली.

धणे कमी. बाजरी अजून करपते आहे. मीठ दळताना घातलंस, ते घालायचं नसतं. संदीपने मात्र दोनदा वाढून घेतली आणि हे कोणी केलं, असं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं, तर त्याला खरं वाटेना.

चैत्रात पुन्हा भाजशील तेव्हा मी येईन. माझ्या हाताला आता कंप आहे, उलथनं धरवत नाही. खुर्चीवर बसेन, गप्प बसायचा प्रयत्न करेन. आठवडाभर राहीन आणि स्वयंपाक तू करायचास. कंटाळा आला तर पाकिटाचं पिठलं कर. मी जेवेन. फक्त पाकीट माझ्यासमोर फोडू नकोस.

वाट पाहा.
तुझी अक्का