पाठमोरी

शुक्रवार पेठ, पुणे
७ फेब्रुवारी १९५४

ती. यज्ञेश्वरमामांस,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या घरात आता नटी राहते, तेव्हा यापुढे येताना आगाऊ वर्दी देऊन यावे. पहिल्या सिनेमात शालनताईला नायिकेच्या मैत्रिणीचे दोन बोल होते; आता ती स्वतःच नायिका आहे. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला आहे, तो खडकवासल्याला घेणार आहेत. नायिका घर सोडून अनवाणी निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. आई म्हणाली, यात कौतुकाने बघण्यासारखे काय आहे?

ताईच्या अंगात कसकस आहे, पण काम संपेपर्यंत डॉक्टर नको म्हणते. तुम्ही धाकाचे चार शब्द लिहावेत.

आम्हा तिघींवर लोभ असू द्यावा.

आपली,
उल्का

पुणे, २३ मार्च १९५४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ताईचा तेरावा आटोपून तुम्ही मिरजेला परतलात आणि लगेच सिनेमाचे दिग्दर्शक आले. विषमज्वराने ताई गेली आणि त्यांचा शेवटचा प्रसंग राहिला. बराच वेळ नुसता चहा ढवळत होते. मी आत जायला वळले तेव्हा म्हणाले, पाठमोरी ही हुबेहूब शालन दिसते. त्या प्रसंगात चेहरा दिसतच नाही, तेवढे मी चालावे. साडी मात्र ताईने सिनेमात नेसलेली तीच हवी. ती दान द्यायच्या गाठोड्यात होती, काढून ठेवली आहे. आई घरात नव्हती.

मला रडू येत नाही, मामा. भाजी चिरते, वेणी घालते, जेवते. लोक म्हणतात, मुलगी धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. काय करू ते कळवावे.

उल्का

मिरज, २७ मार्च १९५४

चि. उल्का हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेलेल्या माणसाची साडी नेसू नये म्हणतात. तरी तू जा. पोरीचे काम अर्धे राहू नये, एवढेच मला कळते. आईला मात्र सांगू नकोस. तिला आपली शालन शेवटपर्यंत पडद्यावर दिसू दे. पाठीवरून कोण ओळखते? तुझी काळजी वाटते, प्रकृतीस जपावे.

तुझा मामा,
यज्ञेश्वर

पुणे, १८ ऑक्टोबर १९५४

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल आईला सिनेमाला नेले. शेवटी आजूबाजूच्या बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. मागे कुणी म्हणाले, बिचारीचे हे शेवटचेच चालणे. मी माझीच पाठ बघत होते आणि मला काही वाटत नव्हते. त्या दिवशी रस्त्यावर खडी होती, चैत्राचे ऊन होते, पुन्हापुन्हा चालवले, तेव्हाही काही वाटले नव्हते. दिवे लागेपर्यंत आई ताठ बसून होती.

घरी आल्यावर तिने खोबरेलाची वाटी आणली, जमिनीवर बसली आणि माझा पाय ओढून मांडीवर घेतला. म्हणाली, उन्हात अनवाणी चालवलं गं तुला, फार भाजलं का?

मी म्हटले, अगं, ती ताई होती. आई तळव्याला तेल चोळत राहिली. म्हणाली, तिची पाठ मला ठाऊक आहे, आणि तुझीही.

तेव्हा मला रडू फुटले, मामा. आईने दुसरा पाय मांडीवर घेतला.

आम्हा दोघींवर लोभ असू द्यावा.

आपली,
उल्का