दोघांपुरती ताडपत्री

११ जानेवारी, रविवार

येतो म्हणाले! महाशिवरात्रीला. सुट्टीचं बोलून ठेवलंय, ठेकेदार हो म्हणाला. दोन रात्री आपल्या गोंदियाकडच्या प्रतापगडची जत्रा, मग एक दिवस घरी, मग परत हैदराबादच्या बांधकामावर.

मी फोनवर नुसतं "बरं" म्हणाले. सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या, आणखी काय म्हणणार? फोन ठेवला, घागर घेतली, विहिरीवर गेले आणि रिकामी घागर घेऊन परत आले. सासूबाईंनी घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

देवानंद. देवानंद येणार. तोंडाने हे नाव कधी घेतलं नाही. घरात 'हे', फोनवर 'अहो'. वहीत कोण अडवतं? देवानंद, देवानंद, देवानंद!

१२ जानेवारी

रात्रीचा आनंद सकाळी उतरला. येतील हो, पण राहतील कुठे?

आमच्या खोलीत धान आहे. छतापर्यंत कट्टे, भरलेली पोती. सरकारी खरेदी केंद्रावरचं गोदाम भरलंय, आमचा नंबर लागेल तेव्हा जाईल. दिवाळीला आले तेव्हाही हेच. खोलीत धान, ओसरीत मामाजी, म्हणजे सासरे, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा लेक, माजघरात सासूबाई आणि मी. नवरा-बायकोचं बोलणं झालं ते पुंजणं, कापलेल्या धानाचा ढीग, रचताना. ते वरून म्हणायचे "दे", मी खालून धानाचा भारा द्यायचा. झाला संसार.

आणि शेजारच्या जमुनाबाई दर आठवड्याला विचारतात, "काई बातमी हाये का वो, गुंजन?" बातमी काय फोनवरून येते?

जत्रेतही तीच गत. ट्रॉलीला मोठी ताडपत्री बांधायची, पुंजण्यावरची, काळी. तिच्याखाली सगळे ओळीने. एका टोकाला मामाजी, दुसऱ्या टोकाला सासूबाई, त्यांच्या बाजूला मी. नवरा पार तिकडे, ट्रॅक्टरच्या चाकाजवळ. गेल्या वर्षी मी त्यांचे पाय पाहिले. दोन दिवसांत नवऱ्याचं तेवढंच दर्शन झालं. महादेवाचं त्याहून जास्त.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटला. ज्याच्याशी गोड बोलायचं तो माणूस हैदराबादला.

१८ जानेवारी

आज बराच वेळ बोलायला मिळालं. सासूबाई भजनाला गेल्या होत्या.

टिनाच्या खोलीत आठ जण राहतात म्हणाले, एक जण घोरतो, एक जण झोपेत हिशेब करतो. मग हसत हसत म्हणाले, "इथं छत्तीसगढवाले मजे में आहेत. कंपाउंडजवळ पाल टाकून बायकोसंग राहून रायले. एक पाल, एक चूल. आपन मात्र लगन करून टिनात."

मी म्हटलं, पालात थंडी नाही लागत का? म्हणाले, "दोघं असले की कायची थंडी?"

फोन कट झाला. नेटवर्क गेलं की मुद्दाम केला, देव जाणे. एक पाल. जत्रेत आपलीही वेगळी ताडपत्री टाकली तर? लहान. दोघांपुरती. डोंगराच्या पायथ्याला झाडं काय कमी आहेत?

कसं बोलू हे घरात? वेड लागलंय मला.

२० जानेवारी

कालपासून मोबाईलवर तेच बघतेय. तंबूही असतात, चेन लावायचे, आत गादीसुद्धा! पण जत्रेत तसला तंबू लावला तर पोरंसोरं पाळणा सोडून आमच्याकडेच गर्दी करतील. ताडपत्रीचं बरं. सगळ्यांची तीच, आमची तीच. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही.

घरातलीच एखादी जुनी नेली तर? काढून पाहिली. एकीला उंदरांनी चाळणी केलीय. दुसरी मला एकटीला उचलत नाही आणि तिला कोंड्याचा वास. नवऱ्याशी मनातलं बोलायचं आणि नाकात कोंडा जाऊन शिंकायचं — नको.

नवीच घ्यायची. ठरलं.

२१ जानेवारी

ठरलं बिरलं काही नाही. लोक काय म्हणतील?

२७ जानेवारी

घेतली!

सासूबाईंच्या दम्याचं औषध आणायला गोंदियाला गेले होते. औषध घेतलं आणि पाय आपोआप बाजारात वळले. दुकानदाराने विचारलं, "भाभी, तिरपाल? धान ढाँकना है कि ट्रॉली?"

आता काय सांगू? म्हटलं, "ट्रॉली." त्याने एक भलामोठा गठ्ठा आपटला. "दस साल नहीं फटेगी." मला दहा वर्षं नको होती, दोन रात्री हव्या होत्या! हलकी दाखवा म्हटलं. तो म्हणाला हलकी म्हणजे पिकनिकवाले नवेगावच्या तलावावर नेतात ती. हो, तीच. वरच्या फळीवरून धूळ झटकत दोन काढल्या. पिशवीत मावणाऱ्या, चारही कडांना कड्या, सोबत दोरी आणि खुंट्या. एक केशरी, एक गर्द हिरवी.

केशरी फार सुंदर होती. मी ती बल्बसमोर धरली आणि मागे हात नेला. पाचही बोटं दिसली! आत कंदील लावला तर सगळ्या जत्रेला फुकटचं नाटक. हिरवी धरली. काही दिसलं नाही.

"रंग देख रही हो क्या, भाभी? धूप के लिए चाहिए कि बारिश के लिए?"

"ओस के लिए," दव पडतं म्हणून, असं मी म्हटलं. माझे कान इतके तापले की ते त्यालाही दिसले असतील.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. आमचं गोरेगाव येईपर्यंत एकदाही खाली ठेवली नाही.

२९ जानेवारी

घरामागे सांदवाडीत बांधून पाहिली. पेरूपासून शेवग्यापर्यंत दोरी, तिच्यावर ताडपत्री, दोन्ही बाजू जमिनीपर्यंत, कडांवर दगड. सोबतची दोरी आखूड निघाली, लुगड्याचा काठ जोडून भागवलं.

सासूबाई आल्याच. "हे काय करून रायली?"

"मिरच्या वाळवायला, आई."

"मिरच्या उनात वाळवतेत वो. सावलीत नाई."

तोंडात आलं ते बोलून गेले! आता मिरच्या तिच्याखाली नेऊन पसरणं आलं. पसरल्या. सासूबाई कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

३० जानेवारी

रात्रभर तशीच ठेवली होती. सकाळी आत हात घातला तर आतून ओलीचिंब, मिरच्याही ओल्या. पुंजणं झाकतात तशी मी ती चारही बाजूंनी घट्ट दाबली होती. दुसऱ्या तऱ्हेने कशी बांधायची ते मला कोण शिकवणार? आम्ही धानवाले. मामाजी म्हणाले, "तोंड बंद केलं तू. धानबी घामते बाई. एक तोंड उघडं ठेवा लागते."

उघडं तोंड! तेच तर नको होतं मला. दिवसभर विचार केला. मग सुचलं: उघडं तोंड डोंगराकडे करायचं, पाठ जत्रेकडे. डोंगर काय कुणाला सांगायला जातोय?

आज खूप आठवण येतेय. हाताची, आवाजाची नाही. आवाज रोज मिळतो. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण नुसतं शेजारी बसून गप्प राहिलोय असं आठवत नाही मला.

३ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. जमुनाबाईंनी ताडपत्री पाहिली आणि सासूबाईंच्या तोंडावर म्हणाल्या, "सून वेगळी निंगते वाट्टे. आज ताडपत्री वेगळी, उद्या चूल वेगळी."

संध्याकाळी भाकर थापता थापता सासूबाईंनी विचारलं, "एका ताडपत्रीत मावत नाई का आता?"

काय बोलू? आई, तुमच्यापासून वेगळं व्हायचं नाही, तुमच्या मुलाजवळ यायचंय — असं कोणती सून सासूला सांगू शकते? मी मान खाली घालून पिठात पाणी ओतत राहिले. पीठ पातळ झालं.

५ फेब्रुवारी

सासूबाई बोलत नाहीत. ताट मात्र रोज आधी माझंच वाढतात. रागावून वाढलं की भात जास्त येतो, हे मला इथे कळलं.

७ फेब्रुवारी

आभाळ भरून आलं. कापलेली लाखोरी, आमची डाळ, शेतात ढीग लावून पडलेली. मामाजी ताडपत्री शोधत धावपळ करत होते. मी हिरवी काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या मामाजी. मला काही काम नाही तिचं."

सासूबाईंनी ऐकलं. मी मुद्दामच मोठ्याने म्हटलं होतं. नाही न्यायची. जत्रेत सगळे ओळीने झोपू. पाय तर दिसतील!

संध्याकाळी सरी आल्या. माझी ताडपत्री शेतात लाखोरीला पोटाशी धरून बसली होती आणि मी घरात. आधी हसू आलं, मग रडू आलं. रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

१० फेब्रुवारी

येत नाहीत.

सुट्टी रद्द झाली. स्लॅबचं काम निघालं, ठेकेदार म्हणाला गेलास तर परत येऊ नको. फोनवर आवाज इतका बारीक होता. "गुंजन, पुढच्या मैन्यात पाहू." मी "बरं" म्हणाले. ह्या 'बरं'चा मला वीट आलाय.

११ फेब्रुवारी

भात करपला. सगळ्यांनी तसाच खाल्ला.

१२ फेब्रुवारी

आज घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सकाळी मी जत्रेची शिदोरी बांधायला घेतली. सासूबाईंनी पीठ हातातून काढून घेतलं. कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"तू नाई येत जत्रेले."

मला वाटलं, राग अजून गेला नाही. म्हटलं, आई, ताडपत्री तर मी देऊन टाकली.

"थेच त. काऊन देली?" मग पिठात बोट फिरवत राहिल्या. "मी बयाड आहो का? मिरच्या म्हने! माया वक्तीबी त्या खोलीत धानच होते. माया सासरा म्हने, मानूस ओसरीत झोपते, धान कुठी झोपन? तुया मामाजीसंग धड दोन गोष्टी कराले मले चार वरस लागले. चार वरस वो, एका घरात राहून!"

मी खाली बघत होते. त्यांच्याकडे बघायची हिंमतच होईना.

"जमुना बोलली तवा मले वाईट वाटलं. खोटं कायले सांगू? मंग त्या दिवशी तुले रडताना पायलं." उठल्या, हात झटकले. "त्याले सुट्टी नाई भेटली. तुले कोनं बांधून ठेवलं? जाय ना तू!"

"कुठे?"

"हैदराबादले! थे छत्तीसगढवाल्या बाया रायतेत म्हनते ना पालात? मंग? तुयाजवळ त ताडपत्रीबी हाये."

त्यांना ते कोणी सांगितलं? लेकानेच, दुसरं कोण. आईला फोन करून तेच सांगतो वाटतं.

आत गेल्या, खुंटीवरचा कासरा काढून आणला. बैल विकले तेव्हापासून टांगलेला. "तुई दोरी आखूड हाये," म्हणाल्या.

मामाजी शेतावरून आले. हिरवी ताडपत्री धुऊन, वाळवून, घडी घालून. लाखोरीवर जुनी टाकली म्हणाले. मग दुसरीकडे बघत म्हणाले, "पानी नाई गळत. चांगली हाये. फकत एक तोंड उघडं ठेवजो, बाई. घामते."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं! सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

१३ फेब्रुवारी

गोंदिया स्टेशन. मामाजी सोडायला आलेत, चहा आणायला गेलेत. सिकंदराबादची गाडी यायचीय. मांडीवर ताडपत्रीची पिशवी, पायाशी तांदूळ, चिवडा, सासूबाईंनी दिलेल्या वाळलेल्या मिरच्या.

त्यांना फोन केला. म्हटलं, निघाले. म्हणाले, "खरंच?" मग पुन्हा, "खरंच येऊन रायली?" मी ह्या वेळी 'बरं' म्हणाले नाही. म्हटलं, कंपाउंडजवळ दोन झाडं बघून ठेवा.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दोन कडुनिंब. कासरा पुरला.

"देवानंद!" अशी हाक मारली आज, तोंडाने. त्यांनी लगेच ओ दिली.

आता लिहायला वेळ नाही.