नवीन स्थळ

३ फेब्रुवारी
नोकरी लागली! गिरगावात, मृणालिनीताईंच्या विवाह केंद्रात. दोन टेबलं, एक पंखा आणि खिडकीखाली फुलवालीची टोपली, त्यामुळे दिवसभर शेवंतीचा वास. ताई म्हणाल्या, वेबसाइट तेवढी नीट करून दे, मग तुझंच राज्य. खोलीही जवळच मिळाली, ठाकूरद्वारला सुंदराबाईंकडे. आईला देवरुखला फोन करून सांगितलं, मजेत आहे.

१० फेब्रुवारी
आधी नवं स्थळ आलं की मुख्य पानात हाताने जागा करावी लागायची. आता प्रत्येक स्थळाची वेगळी छोटी फाइल, म्हणजे पानाचा एक तुकडाच. ती ‘स्थळे’ फोल्डरमध्ये टाकली की पान आपोआप उचलतं आणि मांडतं. ताईंना फार आवडलं. जेवायला त्या घरी जातात. डबा एकटीनेच खाल्ला.

१३ फेब्रुवारी
पानावर एक स्थळ दिसलं, मी न टाकलेलं. नाव नाही, फोटो नाही. राहणार गिरगाव. अपेक्षा: ‘डबा एकटीने खाणारी.’ ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, फाइली तूच टाकतेस ना. कुणीतरी चेष्टा करतंय. फाइल काढून टाकली.

१४ फेब्रुवारी
परत आलंय. अपेक्षा वाढल्यात. ‘उरलेला भात कबुतरांना घालणारी. रडू कळू नये म्हणून आईशी मोठ्याने बोलणारी.’ हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लिहायला लाज वाटते, पण दोनदा वाचलं. या शहरात माझ्याकडे इतकं निरखून कुणी पाहिलेलं नाही.

१७ फेब्रुवारी
काढलं नाही. राहणार: ठाकूरद्वार.

१८ फेब्रुवारी
फोल्डर उघडून पाहिलं. ती फाइल तिथे नाहीच. मग पान उचलतंय कुठून— पानाच्या कोडमधली फाइली उचलणारी ओळच पुसली. बाकी सगळी स्थळं गेली. ते एकटं राहिलं. राहणार: सुंदराबाईंची चाळ. ताईंना बोलावलं. त्यांना पान कोरं दिसलं. म्हणाल्या, दमलीस गं, चार दिवस घरी जाऊन ये.

१९ फेब्रुवारी
आईचा फोन. कधी नव्हे इतकी खूश. केंद्रातून कुणीतरी तिच्याशी बोललं. म्हणाली, “वल्लरी, अगं त्यांना तुझं सगळं ठाऊक आहे. मला माहीत नव्हतं तेसुद्धा. मी हो म्हटलं.”
नाव विचारलं. आईने विचारलंच नव्हतं—

संध्याकाळ
जिन्यात बसून लिहितेय. सुंदराबाईंनी हातात दोन कप चहा दिला. म्हणाल्या, ते आत बसलेत.
दार बंद. आत खुर्ची सरकली.
परत फिरायला हवं. पण कुणाकडे—
चहा निवतोय. कडी निघाली. आणि तरी मनात आधी आलं ते हेच, की आज कुणीतरी माझी वाट—